जुन्या घराच्या छताला हवा कशी द्यावी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की फोन सुरू होतात: "दुपारी माडीवर पाय ठेववत नाही." श्रावणात पुन्हा वाजतात: "वाशांवर पांढरी बुरशी आलीय." दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते, छताखाली कोंडलेली हवा. पंचवटी, जुनं नाशिक, देवळाली, नाशिकरोड आणि आसपासच्या गावांतून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सगळ्यांसाठी आहेत, पुढचे एकेका प्रकारच्या घरासाठी. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छताला हवा द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? खिडक्या तर आहेतच.

खिडकीमुळे खोलीतली हवा बदलते. छत आणि खोलीची तक्तपोशी (खोलीवरचं फळ्यांचं किंवा पीओपीचं आवरण) यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे पोटमाळ्यावर, ती पोहोचत नाही. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हातला पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे तापतो. त्याखालची हवा तापून हलकी होते आणि आढ्याशी, म्हणजे छताचे दोन उतार वर मिळतात तिथे, जाऊन साचते. तिथे बाहेर पडायला वाट असेल तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालून, वळचणीकडून (भिंतीपुढे आलेल्या छताच्या खालच्या कडेकडून), नवी हवा ओढली जाते. वाट नसेल तर ती दिवसभर तिथेच राहते आणि रात्री झोपायच्या वेळी तिची धग खाली जाणवते. म्हणून दोन तोंडं लागतात: हवा आत यायला वळचणीशी एक आणि बाहेर जायला आढ्याशी एक. बाकी सगळे उपाय याच गोष्टीचे प्रकार आहेत.

२. आजोबांच्या काळात कुणी असलं काही केलं नाही. मग आताच गरज का पडली?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजोबांनी वेगळं काही केलं नाही, कारण त्यांच्या घराला हवा होतीच. नळीची कौलं असोत वा मंगलोरी, दोन कौलांच्या सांध्यातून वारा ये-जा करत असे. वाशांची टोकं भिंतीवर टेकत तिथे दोन वाशांमधली जागा मोकळी असे. स्वयंपाकघरावर धुराडं किंवा छताला झरोका असे. वाड्याच्या मधोमध चौक होता आणि तापलेली हवा त्यातून सरळ आभाळात जाई. देवळालीच्या जुन्या बंगल्यांत छताजवळ दोरीने उघडायच्या छोट्या खिडक्या अजून दिसतात. त्या शोभेसाठी केलेल्या नव्हत्या.

पुढे आपण एकेक वाट बंद करत गेलो. उंदीर येतात म्हणून वाशांमधली भोकं विटांनी बुजवली. गॅस आल्यावर धुराडं नको झालं. गळतं म्हणून कौलांखाली प्लास्टिक अंथरलं किंवा कौलं उतरवून पत्रा चढवला. धूळ पडते म्हणून खालून पीओपी केलं. चौकावर पारदर्शक पत्रा टाकला. यातलं प्रत्येक काम त्या त्या वेळी शहाणपणाचंच वाटलं होतं.

आमच्या पंचवटीतल्या घरी हेच झालं. काम करणाऱ्या मिस्त्रीने मायेने, पैसे न वाढवता, सगळी वळचण सिमेंटने लिंपून दिली. घर नेटकं दिसू लागलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक वासा बदलायला काढला, तर भिंतीत गेलेलं त्याचं टोक हातात भुग्यासारखं आलं. वासा सागाचा होता, पण सिमेंटच्या आवरणात ओल धरून बसला होता. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणारी बुरशी तिथे घर करते, आणि सागही त्यापुढे कायम टिकत नाही.

त्यामुळे जुन्या घरात नवीन भोक पाडण्याआधी मी नेहमी एकच विचारतो: इथे पूर्वी काय उघडं होतं?

३. हवा कोंडली आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दोन साधे तापमापक घ्या. एक बाहेर सावलीत टांगा, दुसरा पोटमाळ्यावर आढ्याखाली, आणि दुपारी तीनला दोन्ही वाचा. फरक दहा अंशांहून जास्त असेल तर हवा खेळत नाही असं मी धरतो. ही माझी कामापुरती मोजणी आहे, नियम नव्हे.

मग अगरबत्ती पेटवून वळचणीच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर वाट चालू आहे. तो सरळ वर जाऊन घुटमळला तर बंद आहे. आढ्याजवळ धूर बाहेर जाताना दिसला पाहिजे.

बाकीच्या खुणा डोळ्यांना आणि नाकाला कळतात. रिपांच्या (वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) खिळ्यांना गंज, वाशांच्या टोकांना काळपटपणा, जुन्या गाद्या-पुस्तकांना कुबट वास, खालच्या पीओपीवर पिवळे डाग.

माळ्यावर सकाळी जा, दुपारी तिथे चक्कर येऊ शकते. जुन्या वायरी उघड्या पडलेल्या असतात, म्हणून आधी मेन स्विच बंद करून बॅटरी घेऊन चढा. पाय तुळईवर ठेवा, तक्तपोशीवर नको.

४. किती जागा उघडी ठेवायची? काही हिशेब आहे का?

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत एक प्रमाण आहे: पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा, आणि ठरावीक अटी पाळल्या तर १/३००. तिकडचं हवामान वेगळं आहे, पण आरंभाला हा आकडा उपयोगी पडतो. आपल्या उन्हाळ्यासाठी मी १/१५० धरतो.

समजा घर २० बाय ३० फूट आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. त्याला ४ चौरस फूट मोकळी जागा हवी: २ खाली, २ वर. जाळी आणि पट्ट्या यांत साधारण निम्मी जागा जाते, म्हणून प्रत्यक्ष भोक दुप्पट लागतं. आता ३० फुटांच्या दोन्ही वळचणी मिळून ६० फूट लांबी होते. तिथे सलग एक इंचाची फट ठेवली की ५ चौरस फूट होतात, जाळी धरून अडीच. म्हणजे बोटभर फट पुरते. आढ्यावर ३० फूट लांबीत दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच सोडलं की वरचंही जवळपास जमतं.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीला समजावून सांगावी लागते. भोकांची जागा दुप्पट केली की हवाही साधारण दुप्पट वाहते. पण खालच्या आणि वरच्या तोंडातली उंची दुप्पट केली तर हवा सुमारे १.४ पटच होते. त्यामुळे छत उचलण्यावर खर्च करण्यापेक्षा फट नीट लांबवर ठेवणं जास्त फळ देतं. मात्र दोन्ही तोंडं एकाच उंचीवर असतील तर उष्णतेच्या जोरावर काहीच वाहत नाही. मग सगळा भरवसा वाऱ्यावर.

५. फक्त वर एक मोठं भोक पाडलं तर चालणार नाही का? खालची वळचण उघडायला नको वाटतं.

खाली वाट नसेल तर वरून जाणाऱ्या हवेच्या जागी यायला हवा नसते, म्हणून जाणारीही अडते. थोडीफार निघालीच, तर तिची भरपाई खोलीतून, तक्तपोशीच्या फटींतून होते. म्हणजे घरातली थंड हवा माळ्यावर चढते. खर्च करायची ऐपत एकाच कामाची असेल तर आधी खालची फट मोकळी करा. वरून कौलांच्या सांध्यातून थोडी हवा जातेच.

६. आमच्याकडे साधी मंगलोरी कौलं आहेत. वेगळं काही करावं लागेल?

कौलांखाली काही अंथरलेलं नसेल आणि वळचण मोकळी असेल, तर बहुधा काहीच नाही. मंगलोरी कौलांची सुरुवात मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनच्या कारखान्यात झाली. एकात एक अडकणाऱ्या या कौलांमधून पाणी येत नाही, पण हवा सुटते, आणि आपल्या हवामानाला ते मानवतं.

अडचण येते ती कौलांखालच्या प्लास्टिकने. सांध्यातून येणारी हवा त्याने अडते आणि कौलातून झिरपलेलं पाणी रिपांवर साचतं. गळती थांबवायची असेल तर उन्हाळ्यात घर शाकारून घ्या: फुटकी कौलं बदला, सरकलेली परता, आढ्यावरचा चुना नवा करा. अस्तर घालायचंच असेल, तर ते रिपांना चिकटवू नका. वाशांवर अस्तर, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं अशी रचना करा. उभ्या पट्टीच्या जाडीएवढी फट अस्तर आणि कौलांमध्ये राहते आणि त्यातून हवाही वर जाते, पाणीही खाली उतरतं.

उजेडासाठी काचेचं कौल टाकताना एवढं लक्षात ठेवा की त्यातून ऊनही येतं. उत्तरेच्या पाख्यावर (छताच्या उतारावर) टाका.

७. कौलं काढून पत्रा टाकला आणि घराची भट्टी झाली. आता काय?

ही तक्रार सर्वात जास्त येते. पत्रा पातळ असतो, लगेच तापतो आणि त्याला सांधे नसल्यामुळे हवा सोडत नाही. पुन्हा कौलं चढवणं शक्य असेल तर माझं मत तेच आहे. मात्र वासे-रिपा कौलांचं वजन पेलतात का, हे आधी सुताराला दाखवा.

पत्राच राहणार असेल तर हा क्रम धरा. पहिलं, वळचणीत पत्र्याच्या नागमोडीखाली भरलेलं सिमेंट काढून तिथे जाळी लावा. दुसरं, आढ्यावरची टोपी इंच-दोन इंच उचलून बसवा. टोपीचे पंख दोन्ही बाजूंना किमान आठ-नऊ इंच खाली आले पाहिजेत. तिसरं, वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. चौथं, खाली तक्तपोशी करा आणि ती पत्र्याला न चिकटवता मध्ये हाताएवढी पोकळी ठेवा.

टोपी उचलताना हूक-बोल्ट वाढवा. मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळीत सैल टोपी उडते आणि शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडते.

८. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं आहे. त्याला भोक पाडू का?

नको. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कापताना, ड्रिल मारताना किंवा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पत्र्याला हात न लावता बाजूच्या त्रिकोणी भिंतींत, जमेल तेवढ्या उंचावर, समोरासमोर झरोके काढा आणि वळचणीची फट मोकळी करा. फुटका पत्रा बदलायचाच असेल तर तो ओला करून, न तोडता, अखंड उतरवायला सांगा. त्या दिवशी लहान मुलांना घरात ठेवू नका.

९. हवा दिली, तरी घर तापतंच. चूक कुठे झाली?

बहुतेक वेळा चूक झालेली नसते, अपेक्षा जास्त असते. तापलेलं छत दोन वाटांनी त्रास देतं. एक, हवा तापवून. ती हवा आपण बाहेर काढली. दुसरं, सरळ खाली धग फेकून, जशी चुलीपासून दोन हात दूर बसूनही लागते. ही धग हवेने जात नाही. तिला अडवायला छताचा वरचा भाग पांढरा करा, किंवा खालून चकचकीत ॲल्युमिनियमची चादर लावा. चादरीची चमक खालच्या बाजूला ठेवा, वर ठेवलेल्या चकाकीवर वर्षभरात धूळ बसते. तिच्यासमोर किमान एक इंचाची मोकळी पोकळी हवी. कशाला चिकटून बसली तर ती नुसती धातूची चादर, तिचा उपयोग शून्य.

जुन्या वाड्यांत लाकडी फळ्यांच्या पाटईवर मातीचा जाड थर असतो, तोही धग अडवतो. "उगाच ओझं" म्हणून तो काढून टाकणारे पुढच्या उन्हाळ्यात पस्तावतात. पण ओझं खरंच असतं: चार इंच कोरडी माती दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जाते आणि भिजली की आणखी वाढते. वरचं छत गळत असेल तर आधी गळती थांबवा.

१०. कारखान्यांवर फिरणारे गोल पंखे असतात, तसा एक घरावर बसवू का?

त्यांना टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात. सातपूर, अंबडच्या शेडवर रांगेने दिसतात. वीज लागत नाही, वाऱ्याने फिरतात, वारा नसला तरी भोक म्हणून थोडंफार काम करतात. पत्र्याच्या छतावर लहान आकाराचा एक-दोन बसवायला हरकत नाही, पण प्रश्न ५ मधली अट इथेही लागू आहे: खालून हवा हवीच. कौलांवर मात्र मी टाळायला सांगतो, कारण त्याच्या बुडाशी पाणी अडवणं फार कठीण जातं. बेअरिंग खराब झालं की रात्रभर कुरकुरतो, म्हणून तेल घालायला पोहोचता येईल अशी जागा निवडा.

११. एवढ्या फटी ठेवल्या तर पाऊस आत येणार नाही?

योग्य जागी ठेवल्या तर नाही. वळचणीची फट छताच्या पुढे आलेल्या भागाखाली असते, तिथे पाऊस वर उडत नाही. खरी भीती पश्चिमेच्या झडीची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्रिकोणी भिंतीतला झरोका शक्यतो पूर्वेला मोठा आणि पश्चिमेला लहान ठेवा. पश्चिमेच्या झरोक्याला खाली झुकलेल्या पट्ट्या आणि वर छोटा सज्जा हवा. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या बाजूला पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो. तिथे आढ्यावरची टोपी आणखी रुंद लागते आणि पश्चिमेला झरोका नसलेलाच बरा.

१२. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. मग तेव्हा बंद करून टाकावं का?

बंद करू नका. दमट हवेने लाकूड पूर्ण वाळत नाही हे खरं, पण कौलातून झिरपलेला थेंब आणि स्वयंपाकघरातली वाफ कोंडली तर त्याहून वाईट. आणि पावसात उघडीप येतेच. दोन दिवस ऊन पडलं की वाहती हवा माळा लवकर सुकवते.

पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागे आणि किडा कमी धरे, असं जुने सुतार सांगतात. आता तो धूर नाही. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, वाशांची टोकं पेचकसाने टोचून पाहायची सवय लावा. आत सहज घुसला तर सुताराला बोलवा.

१३. पारवे, उंदीर, वटवाघळं? उघडलं की सगळे आत येतील.

पाव इंची वेल्डमेश जाळी लावा. कोंबडीची षटकोनी जाळी उंदराला अडवत नाही, आणि डासांची बारीक जाळी सहा महिन्यांत धुळीने भरून हवा बंद करते. जाळी खिळ्यांनी ठोकण्याऐवजी लाकडी चौकटीत स्क्रूने बसवा, म्हणजे काढून झटकता येते.

वटवाघळं आधीच असतील तर एकदम कोंडू नका. ती संध्याकाळी बाहेर पडल्यावर जाळी लावा, आणि पिल्लं असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबा. कोंडलेली वटवाघळं आत मरतात, आणि तो वास महिनाभर जात नाही.

१४. डिसेंबरात पहाटे पत्र्यातून पाणी टपकतं. पाऊस नाही, पत्राही फुटका नाही. हे काय?

दव आहे, पण आतलं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होतो. घरात माणसांच्या श्वासाची आणि आंघोळीच्या पाण्याची वाफ वर चढते, गार पत्र्याला लागते आणि तिचे थेंब होतात. निफाडकडच्या घरांतून हा प्रश्न जास्त येतो, कारण तिथली थंडी कडक. पत्र्यावर डांबर लावून हे थांबत नाही. न्हाणीघराची वाफ सरळ बाहेर काढा, आढ्याची वाट उघडी ठेवा, तक्तपोशीच्या फटी बुजवा. थंडीत घर गार पडेल ही भीती नको: हवा तक्तपोशीच्या वरून वाहते, खोलीतून नाही. तक्तपोशी नसलेल्या घरात मात्र वरच्या झरोक्याला उघडझाप फळी लावा.

१५. आमचा वाडा दोन्ही बाजूंनी शेजारच्या वाड्यांना टेकलेला आहे. त्रिकोणी भिंतीत झरोका काढायला जागाच नाही.

जुन्या नाशकात भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार भागात हेच चित्र आहे. मग तीन जागा उरतात: रस्त्याकडची वळचण, मागची वळचण आणि चौकाकडची वळचण. चौकाकडची सगळ्यात मोलाची. चौक हेच वाड्याचं धुराडं आहे.

चौकावर पारदर्शक पत्रा टाकलेला असेल तर तो उतरवा असं मी सरळ म्हणणार नाही, पावसात त्याची सोय होते हे मला माहीत आहे. पण तो भोवतालच्या छतापासून दीड-दोन फूट उचला, चारही बाजूंनी पुढे काढा आणि मधली उभी जागा जाळीने बंद करा. पाऊस अडेल, हवा जाईल. एका माडीवरच्या कुटुंबाने एवढंच केलं, आणि त्यांच्या आजी पुन्हा दुपारच्या चौकातल्या झोपाळ्यावर बसू लागल्या.

एक काम कधीच करू नका: दोन वाड्यांच्या माळ्यांमधल्या भिंतीत भोक पाडू नका. आग लागली तर ती त्याच वाटेने शेजारी पोहोचते. तिथे आधीच भोक असेल तर विटांनी बुजवा. या पानावरचं एवढं एकच भोक मी बुजवायला सांगतो.

१६. गावाकडचं धाब्याचं घर आहे. त्याला काय करता येईल?

धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, पोटमाळा नसतो, त्यामुळे आढं-वळचण हा हिशेब लागत नाही. जाड मातीमुळे ते दिवसा थंडच राहतं. छतात पूर्वी साणे असे, उजेडाचं आणि धुराचं भोक. ते बुजवलं असेल तर उघडा, भोवती वीतभर कठडा करा आणि वर चारही बाजूंनी मोकळी अशी टोपी बसवा. गळतं म्हणून मातीखाली प्लास्टिक घातलेली धाबी मी पाहिली आहेत. खालची लाकडं काळी पडली होती. त्यापेक्षा धाब्यावर फूट-दोन फूट उंच, बाजूंनी मोकळा पत्रा उभारा. पाऊसही अडतो, सावलीही पडते.

१७. घर १९७० च्या आसपासचं, वर सिमेंटचा स्लॅब. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

नाही. स्लॅबला पोकळीच नसते. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ-दहाच्या सुमाराला खाली सोडतो, म्हणून संध्याकाळनंतर जास्त उकडतं. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक किंवा वर सावली, असे उपाय लागतात. नाशिकचा एक फायदा घ्या: शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही उत्तररात्र गार होते. रात्री खिडक्या उघड्या, सकाळी नऊनंतर बंद आणि पडदे ओढलेले, हा नियम महिनाभर पाळून पाहा. गच्चीवर शेड उभारण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, त्याला बांधकामाचे नियम लागतात.

१८. माळ्यावर एक्झॉस्ट फॅन लावला तर?

दुपारी दोन-तीन तास चालवायला चालेल, वाऱ्याला वाट अजिबात नसलेल्या घरात मी तो सुचवतोही. पण आधी हे वाचा. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत येते. वळचणीची फट अपुरी असेल तर तो खोल्यांमधून आणि न्हाणीघरातून ओढतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्याचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात फिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस दार बंद करून आंघोळीला जातो आणि बेशुद्ध पडतो. गॅस गिझर असलेल्या घरात तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत हलवल्याशिवाय माळ्यावर पंखा बसवू नका. चूल पेटत असलेल्या घरालाही हेच लागू.

१९. कूलर लावतो, मग वरची वाट बंद ठेवायची की उघडी?

कूलरसाठी उघडी. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर पडली नाही तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. तक्तपोशीत वीतभर जाळी ठेवली तर हीच हवा माळ्यावर जाऊन तिथली गरम हवा पुढे ढकलते. एसीसाठी उलट: तक्तपोशी घट्ट हवी, आणि हवा फक्त तिच्या वर खेळली पाहिजे.

२०. आम्ही भाडेकरू आहोत. मालक लक्ष देत नाहीत. आपल्या खर्चाने केलं तर चालेल?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मात्र मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर तेच तुम्हाला बाहेर काढायचं कारण होऊ शकतं. बुजलेली जाळी साफ करणं, अस्तर लावणं वेगळं आणि भिंत फोडून झरोका काढणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी मालकांकडून कागदावर सही घ्या.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला ती मिळाली असेल तर हवेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी बांधकाम अभियंत्याकडून वाडा तपासून घ्या. भिंत फुगलेल्या किंवा तुळई वाकलेल्या घरात एक वीटही काढायची नाही.

२१. काम कधी काढावं आणि कोणाकडून?

होळी ते अक्षय्य तृतीया. एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारा येतात, म्हणून एका वेळी एकच पाखं उघडा आणि ताडपत्री हाताशी ठेवा. मृगाची वाट पाहू नका, तोवर कौलं चाळणारे गडी मिळेनासे होतात.

कौलारू घराला सुतार बोलवा, फक्त पत्रेवाला नको. पत्रेवाला पत्रा विकतो, सुतार वासा तपासतो. काम सुरू होताना त्याच्यासोबत माळ्यावर चढा आणि जुन्या बुजवलेल्या जागा खडूने खुणा करून ठेवा. काम संपल्यावर मजुरी देण्याआधी प्रश्न ३ मधली अगरबत्ती पुन्हा पेटवा.